अकरा वाजून सहा मिनिटं

तुम्ही खोटं बोललात. चुकलात असं मी म्हणत नाही. चूक माणूस न बघता करतो. तुम्ही बघितलंत, हवं तेवढं ठेवलंत, नको ते कापलंत आणि खाली पाच सह्या ठोकल्यात. ‘तंत्रज्ञास कामाच्या वेळी अपस्माराचा झटका आल्यामुळे रुग्णाच्या सुरक्षिततेस धोका निर्माण झाला.’ हे तुमचं वाक्य. मेंदूची संस्था, आकडीवर काम करणारा विभाग, आणि तिथे आकडीचा माणूस कामाला नको असं ठरवणारी समिती. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो. अंधाराला एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, हे आत्ता कळलं.

मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझं छान चाललंय. मी बावन्न वर्षांचा आहे, वर्षाला तीनेक आकड्या येतात, झोप चांगली लागते, आईच्या हातचं जेवतो आणि एकोणीस वर्षं आवडीचं काम करतो. तुम्हाला हेच खटकतं की काय, कोण जाणे. आजारी माणसानं थोडं तरी पडेल तोंड करून वावरावं, अशी लोकांची अपेक्षा असते.

पण ते काम आता तुमच्या सहीवर अडकलंय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. मध्येच कापू नका. ती सवय तुम्हाला आहे.

मला पहिली आकडी आली ती सातव्या वर्षी, जिन्याच्या वळणावर. शेजारच्या काकू धावत आल्या आणि जीभ चावेल म्हणून त्यांनी माझ्या दातांत चमचा घातला. जीभ शाबूत राहिली, दात तुटला. तो तुटका दात अजून आहे, हसताना दिसतो. आई रडत होती, बाबा डॉक्टरला आणायला पळाले. माझी ताई तेव्हा पंधरा वर्षांची. ती वरच्या पायरीवर बसली आणि तिनं मनगटावरच्या घड्याळात बघायला सुरुवात केली. सगळे तिला नंतर बोलले, काय दगडाच्या काळजाची पोर आहे म्हणून. तिनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं : दोन मिनिटं दहा सेकंद, आधी उजवा हात. डॉक्टर आले तेव्हा त्या घरात त्यांच्या उपयोगाचं बोलणारी ती एकटी होती. ते पान तिच्याकडे अजून आहे. लोक तिला विचारतात, तुमचा पहिला शोधनिबंध कोणता, तेव्हा ती त्या पानाचं नाव सांगते.

शाळेनं मला चौथीनंतर घरी बसवलं. हेडमास्तर म्हणाले, इतर मुलं घाबरतात. मग ताई जे शिकायची ते मी शिकायचो, तिच्याच पुस्तकांतून, तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून. त्यामुळे अकराव्या वर्षी मला मेंदूचे भाग पाठ होते आणि तेराचा पाढा येत नव्हता. अजून येत नाही. काही अडलं नाही.

ताई पुढे शिकत गेली आणि तुमच्या संस्थेत आकडीवर संशोधन करायला लागली. मी बुकबाइंडिंगच्या कारखान्यात लागलो. तिथे दुसऱ्याच महिन्यात कागद कापायच्या यंत्राशेजारी मला आकडी आली. मालक चौथी नापास होता. त्यानं समिती नेमली नाही. बराच वेळ दाढी खाजवत बसला आणि दुसऱ्या दिवशी माझं स्टूल उचलून खळीच्या टेबलापाशी ठेवलं. म्हणाला, “खळीत पडलास तर चिकटशील, कापला जाणार नाहीस.” तिथे मी चौदा वर्षं पुस्तकं चिकटवली. खळ किती पातळ हवी, किती वेळ दाबायची, कुठली वाळल्यावर तडकते, हे माझ्या बोटांना कळायला लागलं.

आणि त्या बोटांनीच मला ताईच्या खोलीत नेलं. ताईच्या विभागात माणसं तीन-तीन दिवस राहायला येतात. त्यांच्या डोक्याला एकवीस छोट्या चकत्या चिकटवायच्या, प्रत्येक चकतीला एक तार, सगळ्या तारा कमरेच्या डबीत, आणि मेंदूत जे चाललंय त्याच्या रेघा पडद्यावर उमटत राहतात. वर एक कॅमेरा सतत चालू. आकडी आली की रेघा आणि माणूस, दोन्ही सापडतात. पण ताईच्या विद्यार्थ्यांनी लावलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशीच गळायच्या. ताई जेवताना वैतागून सांगत होती. मी म्हटलं, तुझी ती पेस्ट घरी आण. तिनं आणली. मी बोटावर घेतली, जरा चोळली आणि सांगितलं, पेस्टचा काही दोष नाही, तुझी पोरं आधी डोकं नीट पुसत नाहीत आणि नंतर पुरेसं दाबत नाहीत. रविवारी ताईच्याच डोक्यावर एकवीस चकत्या लावून दाखवल्या. ती तशीच दोन दिवस घरात हिंडली, आंघोळ सोडून सगळं केलं. आई म्हणाली, एक आकडीवाला पुरे होता, आता ही पण.

मग मी तुमच्याकडे अर्ज केला. तुमच्या फॉर्मवर चौदावा प्रश्न होता : अपस्मार आहे का? मी लिहिलं, होय. कायम नोकरीला अपात्र ठरलो. पण माझ्यासारख्या चकत्या कुणाला लावता येईनात, म्हणून तुम्ही मला सहा-सहा महिन्यांची तात्पुरती पत्रं देत राहिलात. अशी अडतीस पत्रं माझ्याकडे आहेत. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझा तुटका दात त्या मानानं प्रामाणिक आहे.

ताईचे विद्यार्थी तिला मॅडम म्हणतात आणि मला मामा. मॅडमचा भाऊ तो मामा, सरळ हिशेब. एकोणीस वर्षांत कितीतरी पोरांचा मामा झालो. त्यातले दोघे आता तुमच्या बाजूच्या इमारतीत प्राध्यापक आहेत आणि जिन्यात भेटले की अजून डोकं पुसायची पद्धत विचारतात.

आता कामाचं सांगतो, कारण सगळं त्यात आहे. रेघांमध्ये नको त्या गोष्टीही उमटतात. माणूस चावतो, डोळे मिचकावतो, घाम येतो, खोकतो, की रेघा थरथरतात. त्याला आमच्या खोलीत ‘कचरा’ म्हणतात. अभ्यासाला बसायच्या आधी विद्यार्थी तासन्‌तास कचरा काढतात, जसा तांदूळ निवडावा तसा. ताईचा याबाबतीत फार काटेकोरपणा. तिच्याइतक्या स्वच्छ रेघा कुणाच्याच नसत, आणि त्याचा तिला अभिमान होता. मी मात्र एक केलं. बाइंडिंगच्या कारखान्यात प्रत्येक पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी फिरायची, तशी मी प्रत्येक खाटेला चिठ्ठ्यांची वही बांधली. माणूस काय करतो ते वेळेसकट लिहायचं. दहा वाजून बारा, जांभई. दहा वाजून वीस, बायकोवर ओरडला. मी लिहायचो, नातेवाईक लिहायचे, पुष्कळदा माणसं स्वतःच लिहायची. विद्यार्थी हसायचे. म्हणायचे, मामांची बखर.

आठ वर्षं अशी गेली. एका सकाळी मी एका विद्यार्थिनीच्या मागे चहा घेऊन उभा होतो. ती जुन्या नोंदींतून कचरा काढत होती. तिनं आकडीच्या अगोदरचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडला आणि उडवला. मी विचारलं, काय होतं ते? म्हणाली, काही नाही मामा, गिळण्याचा कचरा, आधीचं काही कामाचं नसतं. मी कोपऱ्यातला क्रमांक पाहिला. चौदा. चौदा नंबर म्हणजे मी. पहिल्याच वर्षी ताईनं माझीही नोंद घेतली होती.

आता माझ्या गळ्याचं मला ठाऊक. आकडी यायच्या आधी मला तीनदा गिळावं लागतं. तोंडात काही नसतं, तरी गळा आपोआप ओढला जातो. लहानपणापासून. इतकं सवयीचं की कुणाला सांगावं असं वाटलंच नव्हतं. ताईलासुद्धा. मी चिठ्ठ्यांच्या वह्या काढल्या आणि दोन दिवस इतर माणसांची पानं उलटली. मग ताईच्या खोलीत गेलो.

“ताई,” मी म्हटलं, “तू माझी आकडी कचऱ्यात टाकतेस.”

तिनं आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग चष्मा काढला. मी वह्या तिच्यापुढे ठेवल्या. गिळलं, गिळलं, दोनदा गिळलं, गिळलं, आणि प्रत्येकाच्या पुढे अर्ध्या-पाऊण मिनिटानं आकडी. ताई वीस वर्षं एकच गोष्ट शोधत होती, आकडीची पहिली चाहूल मेंदूत कुठे लागते. आणि वीस वर्षं ती चाहूल स्वतःच्या हातानं निवडून बाहेर फेकत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसरं कुणी असतं तर मला बाहेर काढलं असतं. ताईनं वह्या पहिल्या पानापासून पुन्हा तपासल्या. मग म्हणाली, “गाढवा, हे पंचेचाळीस वर्षांत सांगायला काय झालं होतं?” मी तेव्हा एक्केचाळीसचा होतो, तेही तिला सांगितलं. ती हसली. इतकी हसली की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

पुढची दोन वर्षं तिनं लोखंडी कपाटातल्या मूळ नोंदी पुन्हा काढल्या. न निवडलेल्या, कचऱ्यासकट. अडुसष्ट माणसांच्या आकड्या पहिल्यापासून पाहिल्या. त्यातली तेवीस माणसं आधी गिळत होती, आणि त्या गिळण्याच्या थरथरीखाली एक बारीकशी लय होती, कानाच्या वरच्या चकतीवर, जी कुणी बघितलीच नव्हती. ताईनं ते छापलं. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. मोठ्या सभेत ती व्यासपीठावर उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली, “वीस वर्षं मी माझ्या भावाची आकडी साफ करून फेकत होते.” टाळ्या पडल्या. तुमचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या, मी मोजल्यात. त्या वर्षीच्या तुमच्या अहवालात माझा फोटो आहे, खाली ‘आमचे सहकारी’ असं लिहिलंय. त्या दिवशीही मी सहा महिन्यांच्या पत्रावर होतो.

आता गेल्या महिन्यातली ती सकाळ.

खाटेवर एक बाई होत्या. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात, म्हणून आमच्या खोलीत त्या चष्मेवाल्या. त्यांचा दुसरा दिवस. मी आत गेल्या गेल्या त्यांनी माझ्या नाकावरून माझा चष्मा काढून घेतला आणि त्याची दांडी नखानं घट्ट करत म्हणाल्या, “दादा, तुमच्या चष्म्याचा स्क्रू ढिला आहे. डोक्याचा नंतर बघू.” मी त्यांच्या चकत्या तपासत होतो. हातात पेस्टची ट्यूब आणि छोटी कात्री.

अकरा वाजून सहा मिनिटांनी मला गिळावं लागलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

मला आमचं संशोधन पाठ आहे. माझ्याकडे अर्धं-पाऊण मिनिट होतं आणि ते मी नीट वापरलं. कात्री ट्रेमध्ये ठेवली. ट्रे टेबलाच्या पलीकडे सरकवला. भिंतीवरची घंटा दाबली. बाईंपासून चार पावलं लांब गेलो, जमिनीवर बसलो, चष्मा नाही हे आठवून बरं वाटलं. म्हटलं, “बाई, मला आकडी येतेय. घाबरू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा.” तिसऱ्यांदा गिळलं. पुढचं मला आठवत नाही, तेवढं तुम्हाला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली काहीतरी मऊ होतं. त्यांचा स्वेटर. बाई शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, एकवीस तारा पाठीवर सोडून, एखाद्या नव्या नवरीसारख्या सजून. नर्स दारात उभी होती. बाई म्हणाल्या, “एक मिनिट चाळीस. उठायची घाई नको. मी कुठे पळतेय, मला तुम्हीच बांधून ठेवलंय.”

आणि खाटेच्या वहीत, माझ्या अक्षराखाली, त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ११.०६, दादांनी तीनदा गिळलं, खाली बसले. त्यांना ते लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी लिहिताना त्या बघत होत्या. बारीक काचा बसवणाऱ्या बाईच्या नजरेतून काही सुटत नाही. मी तासभर पडून राहिलो, मग त्यांच्या चकत्या मोजल्या. एकवीसपैकी एकही निघाली नव्हती. खरं सांगू, त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत गेलो. वीस वर्षं शोधलेली गोष्ट माझ्याच अंगावर उपयोगी पडली, ती लिहून ठेवायला साक्षीदार मिळाली, आणि पेस्टही टिकली. दिवसाकडून अजून काय मागायचं? आईला सांगितलं तर म्हणाली, पडलास आणि वर आनंद कसला? पण तिनं दुसऱ्यांदा वाढलं.

नर्सनं नियमाप्रमाणे कळवलं, तिचा दोष नाही. दहा दिवसांनी तुमच्यापुढे उभा राहिलो. ताईला तुम्ही बाहेर बसवलंत, नातं आहे म्हणून. एकोणीस वर्षं नातं चाललं, त्या दिवशी अडलं. पडद्यावर कॅमेऱ्यातला तुकडा लावला. तो सुरू झाला अकरा वाजून सात मिनिटांनी. जमिनीवर एक माणूस झटके देतोय आणि तारा लोंबणारी एक पेशंट बाई त्याच्यावर ओणवी झालीय. तेवढंच पाहिलं तर मलाही माझी भीती वाटली असती.

अध्यक्ष म्हणाले, चित्र बोलकं आहे. मी म्हटलं, एक मिनिट मागे न्या.

“त्याची गरज नाही,” अध्यक्ष म्हणाले. “आधीचं काही कामाचं नाही.”

मी हसलो. मला हसू आवरलं नाही. अकरा वर्षांपूर्वी एका पोरीनं हेच वाक्य बोलून माझा तुकडा उडवला होता. ती विद्यार्थिनी होती, तिला माहीत नव्हतं. तुमच्या मागच्या कपाटात आमचा निबंध चामडी पुठ्ठ्यात बांधून ठेवलाय. मीच बांधलाय तो. तुम्ही माझं हसणं ‘बेपर्वाई’ म्हणून लिहून घेतलंत. सात मिनिटांत सुनावणी संपली. आत माझ्याशिवाय साक्षीदार एकही नव्हता. चष्मेवाल्या बाईंनी आपण होऊन तुम्हाला पत्र लिहिलं, ते ‘संबंधित नाही’ असा शेरा मारून तुम्ही फायलीत लावलंत. रुग्णाच्या सुरक्षिततेची गोष्ट चालली होती आणि रुग्ण संबंधित नव्हता.

ताई या महिनाअखेरीस निवृत्त होतेय. तिला दुःख नाही. तिनं परवा आमच्याकडे येऊन आईची खुर्ची दुरुस्त केली, म्हणजे मी चिकटवली आणि ती सूचना देत उभी राहिली. विभागाच्या नव्या प्रमुखांना मी हवा आहे, त्यांनी तसं लेखी दिलंय. एकोणचाळिसावं पत्र तुमच्या टेबलावर सहीविना पडलंय. सही झाली नाही तर मी उपाशी मरणार नाही. बाइंडिंगचा मालक म्हातारा झालाय, पण माझं स्टूल त्यानं फेकलेलं नाही, हे मला माहीत आहे. प्रश्न एवढाच की उद्या त्या खोलीत कुणी आकडीचा माणूस येईल, घाबरलेला, आणि त्याचं डोकं पुसताना त्याला सांगणारं कुणी नसेल की मलाही येते, बघा, चाललंय माझं. एकोणीस वर्षांत माणसं माझ्या चकत्यांपेक्षा या वाक्यानं जास्त शांत झाली आहेत. हे कुठल्याच रेघेत उमटत नाही, म्हणून तुम्ही त्याला कचरा समजता.

हे लिहायला घेतलं तेव्हा ताईला विचारलं, रागानं लिहू का? ती म्हणाली, राग हवा तेवढा घाल, फक्त वेळा बरोबर लिही.

लिहिल्यात. आता तुम्ही एक करा. मूळ नोंद लोखंडी कपाटात आहे, दुसरा खण, किल्ली नर्सकडे. पाचही जण बसा आणि अकरा वाजून सहा मिनिटांपासून पाहा. कात्री ठेवणारा माणूस पाहा, ट्रे सरकवणारा पाहा, चार पावलं लांब जाऊन बसणारा पाहा. मग मला सांगा, त्या सकाळी त्या खोलीत त्या बाईंना धोका कोणत्या सेकंदाला निर्माण झाला? मला भावना समजावू नका, नियम वाचून दाखवू नका. सेकंद सांगा. महिना संपायच्या आत, लेखी, पाच सह्यांनिशी.